चौदा देश, चौदा वीकएंड

पत्र (थोडक्यात): मी मूळची कोल्हापूरची. पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एप्रिलपासून एक सेमिस्टर एक्स्चेंजवर जर्मनीत, ड्रेस्डेनला जाते आहे. कॉलेजातून आम्ही पाच जण आहोत आणि सगळ्यांनी मिळून एक एक्सेल शीट केलंय: चौदा वीकएंड, चौदा देश. बाबांचं कापडाचं दुकान आहे. त्यांनी फिरण्यासाठी दीड लाख रुपये वेगळे काढून दिलेत, पण शीट बघितल्यापासून ते गप्पच आहेत. परवा एकदाच म्हणाले, "शिकायला चाललीस की फिरायला?" आई म्हणते, पुन्हा कधी जाणार आहेस, बघून घे सगळं. मला दोघांचंही पटतं. पैसे पुरतील का, अभ्यास होईल का आणि बाबांना काय सांगू? माझं नाव छापू नका.

प्रिय एक्सेलवाली,

नाव छापू नका म्हणालीस, तेव्हा तुझं बारसं मीच उरकलं. पत्रासोबत शीटही पाठवलंस ते बरं केलंस. मेहनत दिसते हो. बसच्या वेळा, हॉस्टेलचे दर, प्रत्येक शहरापुढे 'फोटो पॉइंट' असा वेगळा रकाना. झोपेचा रकाना तेवढा राहिला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुझं तू ठरवशील. चौदातले दहा देश खोड. उरलेल्या चारांना नीट वेळ दे आणि बाकीचे शनिवार-रविवार ड्रेस्डेनमध्ये, किंवा तिथून सकाळी निघून रात्री परत येता येईल एवढ्याच टापूत घालव.

आता तू म्हणशील, ही बाई बाबांच्या पार्टीची निघाली. नाही गं. अभ्यास हे कारण आहेच, पण ते दुसरं. पहिलं कारण तुझ्याच शीटच्या पाचव्या ओळीत आहे: पॅरिस. ड्रेस्डेनहून पॅरिसला बसने बारा तासांहून जास्त लागतात. शुक्रवारी रात्री बसलीस की शनिवारी दुपारच्या सुमाराला मान अवघडलेली, पाय सुजलेले अशी उतरशील. रविवारी संध्याकाळी परतीची बस, सोमवारी सकाळी लेक्चर. हातात राहिला जेमतेम एक दिवस आणि त्यातले दोन तास आयफेल टॉवरखाली पाच जणांचा एक धड फोटो जमवण्यात जाणार. असलं पॅरिस तुला पुढेही मिळेल. नोकरी लागली, रजा मिळाली, पैसे भरले की दहा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या टूर कंपन्या आपल्याकडे आहेतच, वर रात्रीच्या जेवणाला पोळी-भाजीही देतात. मंगळवारी संध्याकाळी एल्बे नदीकाठच्या कुरणावर सायकल आडवी टाकून वर्गातल्या कुणाशी तरी तासभर गप्पा मारायच्या, हे पॅकेज मात्र कुणी विकत नाही. चार महिने एका परक्या गावचं होऊन राहायला मिळणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. आणि तुझ्या शीटमध्ये ड्रेस्डेन कुठेच नाही!

एक विचारू? हे चौदा वीकएंड हौसेनं भरलेत की रविवारच्या धास्तीनं? विचारते अशासाठी, की जर्मनीतला रविवार आपल्या माणसाला पहिल्यांदा अंगावर येतो. दुकानं बंद, सुपरमार्केट बंद, रस्ते ओस. त्या दिवशी भिंतीला ड्रिल लावायची नाही, काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आवाज करायचा नाही. खोलीत बसलं की घर आठवतं, आणि इन्स्टाग्रामवर बाकीचे चौघे ब्रुसेल्समध्ये. मग माणूस कुठेही जायला तयार होतो. पहिले तीन-चार रविवार असेच जातील, जाऊ देत. शनिवारीच दूध-भाजी आणून ठेव. होस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात जाऊन पोहे कर. कढीपत्त्याच्या फोडणीचा वास गेला की कोण कोण डोकावतं बघ. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे वर्ग बऱ्याच ठिकाणी नाममात्र फीमध्ये असतात, चढाईपासून वल्हवण्यापर्यंत. त्यांची नोंदणी सेमिस्टरच्या सुरुवातीला उघडते आणि चांगले वर्ग पटकन भरतात. तिथे ओळखी होतात. पाच पुणेकरांच्या घोळक्यात चौदा देश फिरलीस तर चौदाही देशांत मराठीच बोलशील.

बरं, आता ड्रेस्डेन. गावाचं नाव काढलं की लोक १९४५ बद्दल बोलतात, ते साहजिकच आहे. १३ ते १५ फेब्रुवारीच्या बाँबवर्षावात जुनं शहर जळून गेलं, सुमारे पंचवीस हजार माणसं मेली. फ्राउएनकिर्शे हे तिथलं मोठं चर्च १५ तारखेला कोसळलं आणि पुढची चार-पाच दशकं तो ढिगारा तसाच पडून होता. जर्मनी एक झाल्यावर ते पुन्हा बांधायला घेतलं आणि २००५ मध्ये ते उघडलं. त्याच्या भिंतीत मधेच काळपट दगड दिसतील, ते ढिगाऱ्यातून वेचून पुन्हा बसवलेले. हे एकदा उन्हात आणि एकदा पाऊस पडून गेल्यावर बघ. त्विंगर राजवाड्यातल्या चित्रसंग्रहालयात राफाएलची 'सिस्टीन मॅडोना' आहे. तळाशी कंटाळून हनुवटीला हात लावून बसलेली दोन देवदूत-पोरं तू ग्रीटिंग कार्डांवर नक्की पाहिली असशील. ती मूळची इथली.

शनिवारी सकाळी एस-बान, म्हणजे तिथली लोकल, पकडून राटेन गावी उतर, नावेनं एल्बे ओलांड आणि बास्टाईच्या कड्यांवर चढ. वालुकाश्माच्या सुळक्यांमधून १८५१ साली बांधलेला दगडी पूल आहे. सह्याद्रीत हिंडलेल्या पोरीलाही तिथे पाय रेंगाळावेसे वाटतील. दुसऱ्या एखाद्या शनिवारी मायसेन: युरोपातलं पहिलं चिनी मातीच्या भांड्यांचं कारखानदारी उत्पादन १७१० मध्ये तिथे सुरू झालं. आणि गोर्लिट्झ चुकवू नकोस. दुसऱ्या महायुद्धानंतर सरहद्द नायसे नदीवर आली आणि एका गावाची दोन झाली, अलीकडे जर्मनीतलं गोर्लिट्झ, पलीकडे पोलंडमधलं झ्गोझेलेत्स. २००४ मध्ये पुन्हा बांधलेल्या पादचारी पुलावरून चालत दोन-तीन मिनिटांत देश बदलतो. पलीकडे जाऊन पियेरोगी खा, म्हणजे आपल्या करंजीची उकडलेली चुलत बहीण, आणि परत ये. यादीत एक देश वाढलाच की, तोही बसचं तिकीट न काढता!

या जवळच्या भटकंतीला प्रादेशिक रेल्वे, ट्राम, बसमध्ये चालणारं डॉइचलांड-टिकिट पुरतं. हे मासिक तिकीट २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२६ पासून ६३ युरोचं आहे. बऱ्याच विद्यापीठांत ते सेमिस्टर फीमध्येच येतं, म्हणून वेगळं काढण्याआधी प्रवेशाची कागदपत्रं नीट वाच. वेगळं काढावं लागलं तर ते दरमहा आपोआप चालू राहतं. बंद करायचं असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं. आणि ते वेगवान आयसीई गाडीत चालत नाही. तपासनीस गोड हसून ६० युरोंपासून पुढचा दंड लावतो.

मग चार देश कोणते? प्राग ठेव. रेल्वेनं अडीच तासांच्या आसपास आहे, रुळ बराच वेळ नदीच्या काठानं जातात, आणि दोन रात्री राहिलीस तर पहाटेचा चार्ल्स पूल रिकामा मिळतो. पॅरिसही ठेव, पण वीकएंडला नको. मे-जूनमध्ये जर्मनीत गुरुवार-सोमवारच्या सुट्ट्या येतात, असेन्शनचा गुरुवार, पेंटेकोस्टचा सोमवार, त्यातल्या एखादीला जोडून चार दिवस काढ. शिवाय तू सव्वीसच्या आतली आणि सध्या युरोपची रहिवासी असणार आहेस. अशा तरुणांना लूव्र आणि ओर्से या संग्रहालयांत प्रवेश फुकट आहे, पासपोर्ट भारतीय असला तरी. वास्तव्याचा पुरावा जवळ ठेव आणि लूव्रची वेळ आधी राखून ठेव. वयानं मोठ्या पर्यटकांना हे तिकीट महागात पडतं, तुला नाही. घे की फायदा.

तिसरा पोलंड, आणि हा तुझ्यापेक्षा बाबांसाठी. तुझ्या शीटमध्ये क्राकोव्हपुढे 'स्वस्त' एवढंच लिहिलंय. बाबा माल घ्यायला गांधीनगरला जात असतील. दुसऱ्या महायुद्धात त्या भागात, वळिवड्याला, पोलिश निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते १९४८. सोव्हिएत राजवटीनं घरादारातून उचलून सैबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलेली ही माणसं इराणमार्गे कोल्हापूर संस्थानात पोचली. सुमारे पाच हजार, बायका-मुलंच जास्त. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. ते गेल्यावर सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं. वॉर्सात आज कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली. ड्रेस्डेनहून बर्लिनमार्गे वॉर्साला जायला जवळपास अख्खा दिवस लागतो, म्हणून हेही लांब सुट्टीतच बसव.

चौथं इटलीतलं फ्लॉरेन्स. तू तिथे चार तास दिलेत आणि फोटो पॉइंट 'डुओमो', म्हणजे तिथलं मोठं चर्च, लिहिलाय. ट्रामनं कास्चिने बागेत जा आणि पार पश्चिम टोकापर्यंत चालत राहा, जिथे मुन्योने ओढा आर्नो नदीला मिळतो. तिथे मंडपासारख्या छत्रीखाली एका भारतीय तरुणाचा अर्धपुतळा आहे. ते कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. १८७० मध्ये इंग्लंड बघून परत येताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय वीस. दोन पाण्यांच्या संगमावर दहन करायला नगरपालिकेनं परवानगी दिली आणि १८७४ मध्ये स्मारक झालं. जवळच्या मोठ्या पुलाचंही नाव 'भारतीयाचा पूल' आहे. या प्रवासाची रोजनिशी महाराजांनी इंग्रजीत लिहिली होती. तुझ्याच वयाचा, तुझ्याच गावचा मुलगा दीडशे वर्षांपूर्वी युरोप बघत हिंडला आणि काय पाहिलं ते लिहून ठेवत गेला. फोटो पॉइंटच्या रकान्याऐवजी तसं काही तू करून बघ. इटली मात्र परीक्षा संपल्यावर.

'परीक्षा संपल्यावर' म्हणताना व्हिसाची तारीख बघ. लेक्चरं जुलैच्या मध्याला संपतात, परीक्षा ऑगस्टपर्यंत रेंगाळू शकतात आणि व्हिसा कधी संपतो ते स्टिकरवर छापलेलं असतं. सेमिस्टर अधिकृतपणे सप्टेंबरअखेर संपतं म्हणून तोवर राहता येईल, असं गृहीत धरू नकोस. जर्मनीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा असला की बाकीच्या शेंगेन देशांत, म्हणजे आपसातल्या सरहद्दी खुल्या ठेवणाऱ्या देशांत, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. तुझ्या चार सहली त्यात आरामात बसतात. शेंगेनमध्ये सध्या २९ देश आहेत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंडचं बरोबर उलट. अकराव्या ओळीतल्या लंडनला तर वेगळाच व्हिसा लागतो, तो वीकएंड तसाही खोडलास तर बरं. पासपोर्ट नेहमी जवळ ठेव, गोर्लिट्झच्या पुलावरही. सरहद्दी खुल्या असल्या तरी जर्मनीनं तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली आहे.

रेल्वे पास घ्यायचा का, असं शीटच्या खाली प्रश्नचिन्ह टाकलंयस. चार सहलींसाठी नको. आधी काढलेली स्वस्त तिकिटं पुरतील. पुढेमागे घेतलासच तर तू युरोपची रहिवासी, म्हणून इंटररेल पास, बाहेरून येणाऱ्यांसाठीचा युरेल नव्हे. फ्रान्स-इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असूनही जागेचे पैसे वेगळे पडतात. आणि नऊ युरोचं विमान दिसलं की विमानतळ कुठे आहे ते आधी बघ. 'पॅरिस बोव्हे' पॅरिसपासून ऐंशी किलोमीटरच्या पुढे आहे, 'फ्रांकफुर्ट हान' शंभराच्याही पुढे.

आता पैसे. दीड लाख म्हणजे आजच्या दरानं साधारण चौदाशे युरो. चौदा सहलींत वाटले तर सहलीला शंभर. त्यात जाऊन-येऊन बस, एक-दोन रात्रींचं हॉस्टेल, दोन दिवसांचं खाणं, शहरातला प्रवास आणि तिकिटं. क्राकोव्हमध्ये जमेल, अ‍ॅमस्टरडॅममध्ये नाही, झुरिकमध्ये तर भुकेलीच परत येशील. चार सहली केल्यास तर प्रत्येकीला पावणेतीनशे येतात आणि तीनशे शिल्लक राहतात. ते तीनशे हात न लावता ठेव. दात दुखला, फोन चोरीला गेला, गाडी चुकली, यांतलं एक काहीतरी होतंच. (पॅरिसच्या मेट्रोत आणि रोमच्या तेर्मिनी स्टेशनात फोन मागच्या खिशात ठेवायचा नाही, एवढं लक्षात ठेव.) व्हिसासाठी राहण्या-खाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सध्याच्या नियमानं महिना ९९२ युरो, म्हणजे सहा महिन्यांचे ५,९५२ भरावे लागतात, ते बाबांना खर्च झाल्यासारखे वाटत असतील. ते तुझेच राहतात, दर महिन्याला सुटतात, आणि ड्रेस्डेन म्युनिकपेक्षा बरंच स्वस्त आहे हेही त्यांना सांग.

राहता राहिले बाबा. त्यांना शीट दाखवलंस, लर्निंग अ‍ॅग्रीमेंट दाखवलंस का? मला वाटतं त्यांच्या गप्प बसण्याचं मूळ तिथे आहे. लेक परदेशी निघाली त्याचा एकच कागद त्यांनी पाहिला, तो सहलींचा. कोणता विषय तिथे घेणार आणि पुण्यात तो कशाच्या जागी धरणार हे ज्यावर लिहिलंय तो कागद काढ, दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यांच्याजवळ बस आणि समजावून सांग. सेमिस्टरचे तीस क्रेडिट, एका क्रेडिटमागे पंचवीस ते तीस तासांचं काम, म्हणजे साडेसातशे ते नऊशे तास. हे त्यांना नीट कळेल, व्यापारी माणूस आहे. तुलाही कळायला हवं, कारण जर्मनीत फसायला होतं ते इथेच. बऱ्याच लेक्चरांना हजेरी नसते, आठवड्याच्या चाचण्या नसतात, एप्रिल-मे कसा मोकळा मोकळा वाटतो आणि जुलैत सगळं एका परीक्षेवर येतं. परीक्षेसाठी वेगळी ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि तिची मुदत गेली तर कितीही अभ्यास केलेला असो, बसता येत नाही. तिथे जाऊन विषय बदललास तर पुण्याच्या विभागाकडून लगेच ईमेलवर लेखी होकार घे, ऑगस्टमध्ये घेऊ म्हणू नकोस. आणि गुणपत्रिका यायच्या आधीच बाबांना सांगून ठेव की तिथे १.० सर्वांत वर, ४.० ला पास आणि ५.० नापास. नाहीतर १.७ बघून घरी सुतक पडायचं.

त्यांनी ड्रेस्डेनबद्दल नेटवर काही वाचलं असेल तर तेही उडवून लावू नकोस. २०१४ पासून तिथे स्थलांतरितांविरुद्ध मोठे मोर्चे निघत, ते खरं आहे. मोर्चा दिसला तर बघत थांबायचं नाही, रात्री उशिरा ट्रामनं एकटीनं येताना ड्रायव्हरच्या डब्यात बसायचं, आणि अडचणीत ११२. आपली हजारो मुलं पूर्व जर्मनीत शिकतात, नीट राहतात. पण हे तुझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना जास्त बरं वाटेल.

पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी कर आणि निघताना ती रद्द कर. मधेच रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येईल, महिना १८.३६ युरोचं. "मी तर टीव्ही बघत नाही," असं म्हणून ते टाकून देऊ नकोस, ते खरंच द्यावं लागतं.

आणि ते चौघे? त्यांना त्यांचे चौदा करू देत. प्रागला सगळे मिळून जा, मजा येईल. बाकीच्या वेळी "मी येत नाहीये" एवढंच म्हणायचं, कारणं द्यायची नाहीत. ग्रुपमध्ये चार दिवस टोमणे येतील, मग कुणाला तरी रविवारी बसनं उलटी होईल आणि तो तुझ्या पोह्यांना येईल.

तुझी,
सदरवाली काकू

ता. क. आईला सांग, बॅगेत तूप आणि पेढे घालू नका. बाहेरच्या देशांतून दूध-मांसाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. कांदा-लसूण चटणी चालते. दोन पिशव्यांत बांधायला सांग, तेल सुटतं.